तोंड थोडं मोठं

चाकणच्या कारखान्याची ऑर्डर. बोर्ड अडीचशे,
वर मराठी, खाली जपानी, पिवळ्यावर काळं.
नारायण पेठेतल्या आमच्या दुकानात
लग्नपत्रिका येतात, पतपेढ्यांचे अहवाल येतात.
जपान कधी आला नव्हता,
म्हणून मी हो म्हटलं.

मधुश्री कानडे, जपानीच्या तीन परीक्षा पास,
स्टूल ओढून शेजारी बसली.
म्हणाली, काका, मिंचो नको, गोशिक्कु घ्या.
मिंचोत आडव्या रेघेच्या उजव्या टोकाला
एक त्रिकोणी टेंगूळ असतं,
ब्रश तिथे टेकून थांबायचा, त्याची खूण.
त्याला ते म्हणतात उरोको.
खवलं. माशाचं.
मी समोरच्या शुद्ध शाकाहारी पाटीकडे पाहिलं
आणि म्हटलं, हळू बोल, पण सांग.

गोशिक्कुला खवलं नाही.
साफ करून ठेवलेला मासा.
रेघ जेवढी जाड निघते तेवढीच जाड पोचते,
वाटेत दम घेत नाही,
हात कुणाचा होता ते सांगत नाही.
दुरून वाचायचं, म्हणाली, घाईत, घाबरून,
तर हेच.

मग मराठीही मी तशीच घेतली.
बोरूच्या ज्या तिरक्या कापासाठी
पाटणकर मास्तरांनी बोटांवर पट्टी मारली होती
तो काप एका क्लिकनं गेला.
बोटं काही बोलली नाहीत.

प्रूफ बघायला त्सुकामोतो स्वतः आले.
केसांवर हेल्मेटचा वळ,
बूट दाराबाहेर, राहू द्या म्हटलं तरी.
पानं उलटत गेले, उलटत गेले,
आणि एका ओळीवर नख टेकवलं.
रोबोट चालू आहे. आत जाऊ नका.
त्याच्या खालच्या जपानीतलं पहिलंच अक्षर.
मधुश्री कानापर्यंत लाल.
काका, हा रो नाहीये.
हे तोंड आहे.

मला दिसत होता चौकोन. चार रेघा.
जपानीत रो म्हणजे चौकोन
आणि तोंड म्हणजेही चौकोन.
ब्रशनं लिहिलं तर दोघांची चाल वेगळी,
खवली काढली की सख्खे जुळे.
स्कॅन वाचताना संगणकानं
रोच्या जागी तोंड बसवलं,
मी ते तसंच उचललं,
आणि चाळीस बोर्डांवर
यंत्राला तोंड फुटलं.

मला हसू आलं नाही.
बारा वर्षं मी खिळे जुळवलेत.
घच्या डोक्यावरची रेघ झिजली
की घरचं धर होतं,
र आणि वा अंगाला अंग लावून बसले
की रव्याचं खा होतं.
एका पत्रिकेत घनश्यामचा धनश्याम झाला,
त्याच्या बापानं धन काही दिलं नाही.

विचार त्यांना, म्हटलं, कळलं कसं?
दोन्ही चौकोनच ना?
त्सुकामोतो जरा वेळ गप्प.
मग माझीच लाल पेन्सिल घेऊन
प्रूफच्या कडेला एक चौकोन काढला,
शेजारी दुसरा, किंचित रुंद.
त्यावर पेन्सिल आपटली.
मधुश्री म्हणाली,
तोंड थोडं मोठं असतं.
एवढंच?
एवढंच.

चाळीस बोर्ड सुधारून गेले.
बिलाचे पैसे यायचे आहेत अजून.
प्रूफचा तो तुकडा मी टेबलाच्या काचेखाली सरकवला,
पत्रिकांच्या नमुन्यांशेजारी.
गिऱ्हाईक कोपर टेकवून विचारतं, हे काय?
म्हणतो, यातला एक उच्चार आहे
आणि एक तोंड.
कुठलं कुठलं?
मी ड्रॉवरमधून पट्टी काढून देतो.